तीन तास सहा मिनिटं

१

मंगळवारी दुपारी सव्वा वाजता सात नंबरची शाळेची बस पुलाच्या बरोब्बर मधोमध मेली.

मेली हाच शब्द. डिझेलची गाडी बंद पडते तेव्हा आधी खोकते, आचके देते, ड्रायव्हरला शिव्या द्यायला तरी वेळ देते. ही विजेवरची नवी गाडी. जिवंत होती तेव्हाही गप, मेली तेव्हाही गप. आत एक्केचाळीस मुलं, वर ऊन, एसी बंद, खिडक्या जेमतेम वीतभर उघडणाऱ्या. मदत यायला पन्नास मिनिटं लागली. तिसरीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली, तिला ड्रायव्हरने खांद्यावर घालून पुलाच्या टोकापर्यंत पळत नेलं.

ही ड्रायव्हर म्हणजे वस्तादची पोरगी. डेपोतले सगळे तिला पायलट म्हणायचे. आधी चिडवायला, मग सवयीने.

वस्ताद हा त्याच डेपोचा मिस्त्री. सव्वीस वर्षं एकच काम. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दोन मिनिटांत सांगायचं, 'तिसरा व्हॉल्व्ह बोलतोय.' बारा गाड्या त्याला आवाजावरून ओळखू यायच्या. गेल्या दोन महिन्यांत बारातल्या आठ विजेवरच्या झाल्या. आता त्या आठ गाड्यांशेजारून तो जायचा तेव्हा त्याला बहिरं झाल्यासारखं वाटायचं. घरी रात्री पंखा कुरकुरला तरी बरं वाटायचं म्हणे.

तर मंगळवारी चार वाजता मॅनेजरबाईंच्या खोलीत पायलट उभी. शेजारी चार्जिंग कंपनीचा इंजिनिअर, मांडीवर कायम लॅपटॉप, म्हणून त्याचं नावच लॅपटॉप.

"सकाळची फेरी संपल्यावर गाडी चार्जिंगला लावली होतीस?" बाईंनी विचारलं.

"लावली. नऊ दहाला. चार्जरची गन नीट बसवली, दिवा हिरवा झालेला बघितला आणि घरी जेवायला गेले."

लॅपटॉपने स्क्रीन फिरवली. "नऊ दहाला गन लागली. नऊ चौदाला निघाली. परत लागली थेट बारा वीसला."

"मी काढली नाही."

"मग काय भुताने काढली?" बाई म्हणाल्या. "फाटकावरची वही बघितली मी. त्या वेळात सात नंबर बाहेर गेलेली नाही. म्हणजे गाडी इथेच उभी, गन बाहेर. आणि निघताना तुला पडद्यावर काय दिसत होतं?"

पायलटने मान खाली घातली. "चौतीस टक्के. एका फेरीला पंचवीस लागतात बाई. पुरेल म्हटलं. मुलं उन्हात उभी होती. पण पुढे रस्ता खणलेला, लांबून वळसा पडला..."

"परवा, गुरुवारी अकरा वाजता शाळेचे लोक येणार आहेत. तोवर कळलं नाही तर तुला काढण्याशिवाय माझ्याकडे दुसरा रस्ता नाही. चावी ठेव इथे."

तिने ठेवली. त्या चावीसाठी तीन वर्षं खपली होती ती. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून बसचं स्टिअरिंग धरायची. मोठी झाली तेव्हा जुने ड्रायव्हर हसले, म्हणाले, पोरीला बस कोण देणार. नव्या गाड्या आल्या, नवी भरती निघाली, आणि दोन महिन्यांपूर्वी ही चावी मिळाली होती.

वस्ताद व्हरांड्यात वाट बघत होता. ती बाहेर आली, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि हळूच म्हणाली,

"बाबा, खरं सांगा. गन तुम्ही नाही ना काढलीत?"

२

वस्तादला कुणी कानाखाली वाजवली असती तरी एवढं लागलं नसतं.

पण पोरीचं तरी काय चुकलं? मागच्याच आठवड्यात चहाच्या टपरीवर हा सगळ्यांसमोर बोलला होता, 'एकदा बसू दे ह्या खेळण्याला पुलावर, मग कळेल.' पूल तर पूल! जीभ कापून टाकावीशी वाटली त्याला.

"मी नाही काढली," तो म्हणाला. "आईशप्पथ."

"मग कुणी?"

"शोधतो."

"तुम्ही? तुम्हाला त्या गाडीचं बॉनेट कुठून उघडतात ते तरी माहितीये का?"

माहिती नव्हतं. तरी बुधवारी सकाळी सहाला तो सात नंबरपाशी उभा राहिला. सवयीने स्क्रू ड्रायव्हर टेकवला, कान लावला. शून्य. मग त्याने ज्यात आपल्याला कळतं तिथून सुरुवात केली. चाकांपासून.

मागच्या चाकाजवळ वाकला आणि तसाच थांबला. वास. जळलेल्या ब्रेक लायनरचा वास. ब्रेक खूप वेळ दाबून ठेवले की येतो तो. शिळा झाला होता, पण नाकाला फसवता येत नाही. रिमवर तपकिरी भुकटी. बोट फिरवलं, बोट माखलं. शेजारच्या सहा नंबरच्या रिमवर बोट फिरवलं. स्वच्छ. आठ नंबर, स्वच्छ.

लॅपटॉप नऊला उगवला. वस्तादने त्याला दंडाला धरून आणलं.

"हे बघ. हे कशामुळे होतं?"

"अरेच्चा," लॅपटॉप म्हणाला. "काका, ह्या गाड्यांचे लायनर झिजतच नाहीत फारसे. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटरच गाडीला धरून ठेवते. आणि चाकं मोटरला फिरवतात ना, त्याची वीज परत बॅटरीत जाते. उतार असला तर गाडी उलट भरत जाते."

"मग हे लायनर कसे जळले?"

"काल ओढून आणली ना पुलावरून, तेव्हा..."

"ओढताना ब्रेक दाबून ओढतात का रे?"

लॅपटॉप विचार करत म्हणाला, "गाडी न्यूट्रलला टाकून लांब उतार उतरवला तर होईल. न्यूट्रलला मोटर काही धरत नाही. सगळा भार ब्रेकवर, आणि वीजही परत मिळत नाही. पण असं कोण करेल? ट्रेनिंगमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलंय."

"आमच्या पोरीच्या रस्त्याला उतार कुठेय?"

"पुलाचा तेवढा. शंभर मीटर."

"शंभर मीटरला लायनर जळत नाहीत." वस्ताद उभा राहिला. गुडघे वाजले. गावाला लांब उतार एकच होता, डोंगराचा. डेपोपासून वीस किलोमीटर.

सात नंबर त्या तीन तासांत इथे उभी नव्हतीच. कुणीतरी ती डोंगरावर नेली होती. भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

३

"अशक्य," फाटकवाल्या मावशी म्हणाल्या. "माझ्या फाटकातून माझ्या नकळत मांजर जात नाही."

मावशींची खुर्ची फाटकाकडे पाठ करून असायची, कारण समोरून ऊन यायचं. मांडीवर लोकर, हातात सुया. स्वेटर कुणासाठी ते कधी कुणाला कळलं नाही, पण बारा वर्षं विणत होत्या.

"मावशी, वहीत टीप कधी करता?"

"गाडी गेली की. दोन नंबर घरघरते, पाच नंबर शिट्टी मारते, अकरा नंबर म्हाताऱ्यासारखी खाकरते. मान वळवायला लागत नाही मला."

"आणि नव्या गाड्या?"

"त्या हॉर्न देतात की जाताना."

"नाही दिला तर?"

सुया थांबल्या. एक टाका सुटला. मावशींनी हळूहळू मान वळवून फाटकाकडे बघितलं. दांडा वर होता. दिवसभर वरच असायचा.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

म्हणजे वही कानाने लिहिली जात होती, आणि गाडीला आवाजच नव्हता. बरं, किलोमीटर? तेही कुणी लिहिले नव्हते. डेपोत किलोमीटर लिहायचे डिझेल भरताना. डिझेल नाही, तर लिहिणार कधी? गाडी कुठे आहे ते सांगणारं यंत्र बसवलं होतं, पण त्यातलं सिमकार्ड 'पुढच्या आठवड्यात' येणार होतं. दोन महिन्यांपासून पुढच्या आठवड्यात येत होतं.

चावी ऑफिसातल्या खिळ्यावर. हात घालेल त्याची. त्यामुळे चावीवरून काही कळणार नव्हतं. कळणार होतं ते न्यूट्रलवरून. ट्रेनिंग कानामागे टाकलेला माणूस. डिझेल ज्याच्या हाडांत मुरलंय असा. असे डेपोत चौघे, अजून डिझेल चालवणारे. त्यातले दोघे मंगळवारी सहल घेऊन परगावी गेलेले. तिसऱ्याची गाडी वस्तादच्याच दुरुस्तीच्या खड्ड्यावर उघडून पडलेली आणि तो स्वतः दिवसभर शेजारी बसून डोकं खात होता.

उरले नाना.

नाना सगळ्यांत जुने. तेहतीस वर्षं स्टिअरिंगवर, अकरा महिन्यांनी निवृत्त होणार. अकरा नंबरची खाकरणारी गाडी त्यांची. बुधवारी चहाला दोघे टपरीवर बसले.

"बसली ना शेवटी पुलावर," नाना म्हणाले, पण नेहमीचा जोर नव्हता. "जीव नाही रे वस्ताद त्या गाडीला. पोरीला म्हणावं वाईट वाटून घेऊ नकोस. तिची काय चूक?"

"तिची नाहीच. गाडी भरलेली नव्हती."

"भरलेली नव्हती म्हणजे? दिवा तर हिरवा होतो लगेच! डिझेलची नळी लावली की पाच मिनिटांत टाकी भरते, इथे एवढं तारेचं जंजाळ लावून भरत नाही? खोटं बोलतायत हे कंपनीवाले."

वस्तादने चहा फुंकला.

"तेहतीस वर्षांत एक थेंब वाया घालवला नाही मी," नाना म्हणाले. "उतार आला की गाडी न्यूट्रल. आहे कुणाची हिंमत बोलायची?"

"नाही नाना."

उठताना नानांनी खिशातून कागदाची पुडी काढली. "हे बघ, ह्या मापाची दोन छोटी बेअरिंग मिळतील का? खुर्चीचं चाक फार कुरकुरतंय."

वस्तादने पुडी उघडली. दोन जुनी बेअरिंग. ग्रीसमध्ये लाल माती अडकलेली.

डेपोच्या अंगणात सिमेंट. गावात सगळीकडे काळी माती. लाल माती फक्त डोंगरावर.

"आणतो," वस्ताद म्हणाला. आवाज नेहमीसारखा ठेवायला त्याला फार जड गेलं.

४

आता खरं तर इथेच काम संपलं होतं. पण नानांवर असा आळ घ्यायचा? पोरीला पहिलं हेल्मेट नानांनी घेऊन दिलेलं. बायको गेली तेव्हा स्मशानातून परत येताना वस्तादचा हात धरून नानाच चालले होते. माती काय, कुठूनही लागते. आणि ज्या गाडीला उठता बसता शिव्या द्यायच्या, तीच चोरून कुणी डोंगरावर कशाला नेईल?

संध्याकाळी घरी त्याने पोरीला समोर बसवलं.

"मंगळवारी दुपारी गाडीत चढलीस तेव्हा काय वेगळं होतं? काहीही. क्षुल्लक असलं तरी."

"सीट मागे सरकवली होती. माझे पाय पोचेनात."

"अजून?"

"हॉर्नजवळ चष्म्याची पेटी..."

"काय?"

"नाही, ती माझीच." ती कंटाळली होती. मग एकदम म्हणाली, "आरसा. आतला आरसा कुणीतरी फिरवला होता. त्यात मला मुलंच दिसेनात. सरळ केला मी."

"काय दिसत होतं त्यात?"

"काहीच नाही. मधल्या दाराजवळची मोकळी जागा. जिथे सीट नाही ना, पट्टे लटकतात, ती."

"ती जागा कशाला ठेवलीये?"

"चाकाच्या खुर्चीसाठी. कुणी अपंग मूल असलं तर. आपल्या शाळेत कुणी नाही तसं."

वस्ताद पायात चपला सरकवून निघाला सुद्धा. ती मागून ओरडली, "अहो बाबा, जेवण!"

सात नंबरचं मधलं दार उघडलं. दाराखाली एक लोखंडी फळी दुमडलेली असते, ती बाहेर काढली की उतार तयार होतो आणि खुर्ची ढकलत आत नेता येते. दोन महिन्यांत ती एकदाही काढायची गरज पडली नव्हती. वस्तादने बिजागरीवर टॉर्च मारला. खोबणीत लाल माती. फळीवर दोन बारीक समांतर रेघा, हातभर अंतरावर.

गाडी चालवणाऱ्याला आरशात रस्ता बघायचा नव्हता. तिथे कोण बसलंय ते बघायचं होतं.

५

गुरुवारी सकाळी आठलाच तो नानांच्या घरी पोचला. हातात नवीन बेअरिंग. नाना फेरीवर गेलेले. दार शेजारणीने उघडलं आणि ती निघून गेली.

वहिनी खिडकीशी चाकाच्या खुर्चीत. चार वर्षं झाली त्यांना असं बसून. छातीचा जुना आजार, त्यात पाय गेले. धुराचा वास आला तरी घुसमटायच्या. नाना कामावरून आले की बाहेरच कपडे बदलायचे, आंघोळ करायचे, मगच आत यायचे. तेहतीस वर्षं बस चालवणाऱ्या माणसाची बायको त्याच्या बसमध्ये कधी बसली नव्हती.

"या भाऊजी! किती दिवसांनी." आज त्यांच्या तोंडावर काहीतरी वेगळंच तेज होतं. "तुम्हाला कळलं का? कळलंच असेल. ह्यांच्या पोटात काही राहत नाही."

"काय ते?"

"परवा ह्यांनी मला बसने फिरवलं!"

वस्ताद जमिनीवर बसला. खुर्चीचं चाक काढायला घेतलं, म्हणजे वर बघायला नको.

"मॅनेजरबाईंची परवानगी काढली म्हणाले. ती नवीन गाडी. भाऊजी, धूर नाही, वास नाही, काही नाही. मी आपली तोंडाला पदर लावून तयार बसलेली, आणि गाडी निघाली तरी मला पत्ताच नाही! वाऱ्यासारखी. आणि सांगू का?" त्या थोड्या लाजल्या. "हे गाडी चालवताना गुणगुणतात. तुम्हाला माहिती होतं?"

वस्तादचा हात थांबला. नानांच्या शेजारी बसून शेकडो वेळा गाडीची चाचणी घेतली होती त्याने. कान सगळा इंजिनात. "नाही वहिनी."

"मलाही नाही. एवढ्या वर्षांत कुणी ऐकलंच नाही, इंजिनच केवढं बोंबलायचं. घरी कधी गुणगुणले नाहीत हो. विचारलं तर म्हणाले, छे, मी कुठे. त्यांचं त्यांनाच माहिती नाही!" त्या हसता हसता खोकल्या, परत हसल्या. "आता रोज विचारते, परत कधी. तर म्हणतात बघू. तुम्ही जरा सांगा ना बाईंना."

वस्तादने चाक बसवलं, फिरवून बघितलं. अजिबात आवाज येत नव्हता.

"हे काय, चहा न घेता?"

"अकरा वाजता मीटिंग आहे वहिनी," तो म्हणाला, आणि दारात वळला तर समोर नाना उभे.

६

दोघे जिन्याच्या पायऱ्यांवर बसले. घरात ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलत होते.

"नऊ चौदाला गन काढली, बारा वीसला परत लावली," वस्ताद म्हणाला. "तीन तास सहा मिनिटं. हॉर्न दिला नाही म्हणून मावशींना कळलं नाही. डोंगर उतरताना न्यूट्रल केली, लायनर जाळले. फळी काढली, वहिनींना चढवलं, माती लागली. आरसा फिरवला आणि परत करायला विसरलात. गन लावली, हिरवा दिवा लागला, तुम्हाला वाटलं टाकी भरली. नाना, हिरवा म्हणजे भरायला सुरुवात झाली. भरल्यावर निळा होतो."

नानांनी जिन्याचा कठडा धरला.

"आपण तिकडे हात बांधून बसलो होतो ट्रेनिंगला," ते म्हणाले. "मी हसत होतो त्या पोराला."

"मी पण."

"मला वाटलं तासाभराचं काम. कुणाचं काही जात नाही. परत आणून ठेवली, भरायला लावली, संपलं. मग दुपारी ऐकलं पुलावरचं." नानांचा आवाज फाटला. "त्या पोरीच्या घरी जाऊन आलो रे काल. चक्कर आलेल्या. बाहेरूनच बघितलं. अंगणात खेळत होती."

"बोलला का नाहीत मग? माझी पोरगी तिथे उभी होती. तुम्ही व्हरांड्यात होतात."

"होतो."

"मग?"

"हिला काय सांगू? बाईंची परवानगी होती असं सांगितलंय मी. हिच्यामुळे मुलं अडकली असं कळलं तर ही त्याच दिवशी... तू बघितलंस ना आज तिला? चार वर्षांत अशी बघितली होतीस?"

वस्तादने आजच बघितली होती. म्हणूनच बोलायला अवघड जात होतं.

"अकरा वाजता तिची चावी जाते नाना. तुम्ही बोललात तर तुमची. तुम्ही नाही बोललात तर मी बोलणार. मला बोलायला लावू नका."

नाना उठले. आत गेले. दार लागलं.

७

अकरा वाजता मॅनेजरबाईंच्या खोलीत शाळेचे तिघे, लॅपटॉप, पायलट आणि दाराशी वस्ताद. टेबलावर चावी. भिंतीवर घड्याळ. अकरा पाच झाले. दहा झाले. नाना नव्हते.

"काही सांगायचंय तुला?" बाईंनी पायलटला विचारलं.

"मी गन काढली नाही. चौतीसवर निघाले ही चूक माझी."

"एवढंच?"

"एवढंच."

बाईंनी कागद पुढे ओढला. वस्तादच्या मनात एका बाजूला पोरगी, दुसऱ्या बाजूला तो खिडकीतला चेहरा.

"बाई, जरा थांबा," तो म्हणाला. "गाडी इथे नव्हती. मागच्या चाकाचे लायनर बघा..."

मग त्याने सगळं सांगितलं. भुकटी, उतार, न्यूट्रल. मावशींची वही. लॅपटॉप मान हलवत होता, हो हो, बरोबर, काकांनीच दाखवलं मला. आरशापर्यंत आला. फळीपर्यंत आला. फळीवरच्या दोन रेघांपाशी येऊन वस्ताद अडकला.

"कसल्या रेघा?" शाळेतल्या एकाने विचारलं.

"माझ्या बायकोच्या खुर्चीच्या."

दारात नाना. अंगावर इस्त्रीचा गणवेश, हातात अकरा नंबरची चावी. आत आले, ती चावी सात नंबरच्या चावीशेजारी ठेवली.

"उशीर झाला," ते म्हणाले. "घरी सांगायला वेळ लागला. आधी तिला सांगितलं, मग आलो."

मग चार वाक्यांत सगळं कबूल केलं. माफी मागितली, पण वाचवा म्हणाले नाहीत. शाळेच्या लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मॅनेजरबाईंनी अकरा नंबरची चावी खणात टाकली आणि सात नंबरची पायलटकडे सरकवली.

"पन्नास टक्क्यांच्या खाली असेल तर निघायचं नाही. मुलं उन्हात उभी असली तरी. फोन करायचा. कळलं?"

"कळलं."

"नाना, तुम्ही उद्यापासून येऊ नका. बाकीचं कागदावर कळवीन."

"हो बाई."

बाहेर अंगणात ऊन कडक होतं. साडेबाराची फेरी निघायची वेळ झालेली. सात नंबरचा दिवा निळा होता. पायलटने गन काढली, जागेवर अडकवली, आणि नानांसमोर येऊन उभी राहिली. ती रागावलेली होती आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हती.

"नाना, मी तिला उचललं तेव्हा तिची मान अशी पडली होती. मला वाटलं गेली."

"हो पोरी."

"दोन दिवस मी माझ्या बापावर संशय घेतला."

"हो."

ती पायरीवर चढली, सीट पुढे ओढली, आणि मग खिडकीतून तोंड बाहेर काढून चिडूनच म्हणाली, "आणि उतारावर न्यूट्रल कुणी करतं का हो? नुसता पाय उचलायचा. उतरताना ही गाडी भरत जाते. तो अख्खा डोंगर तुम्ही फुकट घालवलात."

नाना तिच्याकडे बघत राहिले.

"भरत जाते? उतरताना?"

"हो. जेवढी चढताना खाते त्यातलं बरंच परत देते."

दार मिटलं. हॉर्न वाजला, फाटकापाशी मावशींनी वळून बघितलं, वहीत टीप केली. गाडी गेली. धूळ तेवढी उडाली.

वस्तादने नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "वहिनी काय म्हणाल्या?"

"एवढंच म्हणाली, गणवेश घालून जा." नाना अजून रस्त्याकडेच बघत होते. "वस्ताद, वर गेल्यावर ना, दोन वळणं राहिली होती. त्या दोन वळणांच्या पुढे समुद्र दिसतो. ती म्हणत होती, जाऊया ना अजून. मी पडदा बघितला, आकडा खाली चाललेला. म्हटलं नको, बॅटरी पुरायची नाही, परत फिरू."

त्यांनी रिकामे हात बघितले.

"पुरली असती रे."